विश्वचषकाच्या वयातली मुलगी आणि तिचा डबा

भारताच्या मुलींनी कनिष्ठ विश्वचषक हॉकी स्पर्धेत पहिले पदक मिळवले ते ऑगस्ट २०१३ मध्ये, जर्मनीतल्या मोन्शनग्लाडबाख या शहरात. कांस्यपदकाच्या सामन्यात इंग्लंडशी १-१ अशी बरोबरी झाली आणि शूटआऊटमध्ये भारताने बाजी मारली. कर्णधार होती मणिपूरची सुशीला चानू आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली हरियाणातल्या शाहाबादची राणी रामपाल. त्या वेळी राणी अठरा वर्षांची होती.

राणीचे वडील हातगाडी ओढत. तिच्या प्रशिक्षण केंद्रात प्रत्येक मुलीने रोज अर्धा लिटर दूध आणून प्यायचे, असा नियम होता. घरची ऐपत जेमतेम २०० मिलिलिटरची. राणी त्यात पाणी मिसळून माप पुरे करी आणि कोणाला न सांगता ते पिई. पुढे तिने स्वतःच ही गोष्ट अनेकदा सांगितली. जिद्दीचे उदाहरण म्हणून ती सांगितली जाते आणि ते बरोबरच आहे. पण आरोग्याच्या अंगाने पाहिले तर त्यात एक प्रश्न दडला आहे. पाणी घातल्याने मापातले दूध वाढते, पोटात जाणारे अन्न वाढत नाही. खेळणाऱ्या मुलीच्या शरीराला ही तूट कळते का? आणि कळली तर ते कसे सांगते?

उत्तर असे की शरीराला ती कळते आणि ते सांगतेही. मात्र त्याची सर्वांत स्पष्ट खूण असते मासिक पाळी. आणि आपल्याकडे घरात किंवा मैदानावर सर्वांत कमी बोलले जाते तेही पाळीबद्दलच.

११ दिवसांत ६ सामने

कनिष्ठ विश्वचषक ही २१ वर्षांखालील मुलींची स्पर्धा. तिची सुरुवात १९८९ मध्ये कॅनडातल्या ओटावा शहरात झाली. एप्रिल २०२२ मध्ये ती दक्षिण आफ्रिकेतल्या पॉचेफस्ट्रूम येथे झाली तेव्हा भारतीय संघात महाराष्ट्राच्या दोन मुली होत्या, वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे. दोघीही सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्याच्या. भारताने वेल्स, जर्मनी आणि मलेशियाला हरवले, उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाला ३-० असे नमवले, उपांत्य फेरीत नेदरलँड्सकडून हार पत्करली आणि कांस्यपदकाच्या लढतीत इंग्लंडकडून शूटआऊटमध्ये हरून चौथे स्थान घेतले. पुढच्या वर्षी चिलीतल्या सँटियागोला झालेल्या स्पर्धेत सातारा जिल्ह्यातलीच ऋतुजा पिसाळ संघाची उपकर्णधार होती.

२०२२ च्या त्या स्पर्धेत भारतीय मुली ११ दिवसांत ६ सामने खेळल्या. हॉकीचा सामना १५ मिनिटांच्या चार सत्रांचा असतो. मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. एका सामन्यात खेळाडू साधारण पाच किलोमीटर किंवा त्याहून अधिक अंतर कापते. हे धावणे एकसारखे नसते. थांबणे, वळणे, पुन्हा सुसाट सुटणे, आणि तेही बराच वेळ कमरेत वाकून, काठी जमिनीलगत ठेवून. अशा सामन्यात खर्च झालेली ऊर्जा पुढच्या सामन्यापर्यंत भरून काढायची तर आधीच्या कित्येक महिन्यांचे खाणे नीट झालेले असावे लागते.

स्पर्धा अकरा दिवसांत संपते. तिच्यासाठीची तयारी मात्र बारा-तेरा ते वीस या वयात चालते. नेमक्या याच वर्षांत मुलीची उंची वाढत असते, पाळी सुरू होऊन नियमित होत असते आणि आयुष्यभर पुरवायची हाडांची ठेव जमा होत असते. या ठेवीचा सुमारे नऊ दशांश भाग अठरा-वीस वर्षांपर्यंत जमा झालेला असतो. खेळ आणि वाढ अशी दोन मोठी खाती एकाच वेळी उघडलेली असतात आणि दोन्हींत पैसे भरायचे ते एकाच ताटातून.

भाईंदर ते चर्चगेट

राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत निवड झालेल्या मुलींची राहण्याखाण्याची सोय तिथेच होते. वैष्णवी आणि अक्षता या पुण्यातल्या बालेवाडीच्या प्रबोधिनीत घडल्या. पण खेळणाऱ्या बहुतेक मुली घरी राहतात, शाळा-कॉलेज सांभाळतात आणि सरावासाठी प्रवास करतात. त्यांच्या जेवणाकडे पाहणारे कोणी असेलच असे नाही.

भाईंदर पूर्वेतल्या नवघर रस्त्यावर किंवा गोडदेवला राहणारी सोळा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणू. मुंबई हॉकी असोसिएशनचे टर्फ चर्चगेटला आहे. तिथे सकाळी साडेसहाला पोहोचायचे तर पहाटे पाचच्या सुमारास घर सोडावे लागते. लोकलचा प्रवास तास-सव्वा तासाचा. निघताना चहा आणि चार बिस्किटे. दीड तास सराव. बाहेर पडल्यावर एक वडापाव आणि तिथून कॉलेज. दुपारी डब्यातल्या तीन पोळ्या आणि भाजी. संध्याकाळी चहा-चिवडा. रात्री वरण-भात, दोन पोळ्या, भाजी. यात उपाशी राहिल्यासारखे काहीच दिसत नाही. आई विचारेल, मुलगी सांगेल, ‘जेवले ना.’

आता हिशेब मांडू. या खाण्यातून साधारण १६५० किलोकॅलरी मिळतात. मुलीचे वजन ५० किलो आणि त्यातले चरबी वगळून उरणारे वजन ४० किलो धरू. दीड तासाच्या सरावात सुमारे ६०० किलोकॅलरी खर्च होतात. खाल्लेल्यातून हा खर्च वजा केला की १०५० उरतात. त्यांना ४० ने भागले तर दर किलोमागे २६ किलोकॅलरी येतात. श्वास, हृदय, मेंदू, वाढ, पाळी, हाडे या साऱ्यांचा दिवसभराचा खर्च एवढ्यातच भागवायचा असतो. क्रीडावैद्यकात या शिलकेला ‘ऊर्जा उपलब्धता’ म्हणतात.

तरुण स्त्रियांवरच्या अभ्यासांतून असे दिसले आहे की ही शिल्लक दर किलोमागे ४५ च्या आसपास असली की शरीराचे सर्व व्यवहार सुरळीत चालतात. ती ३० च्या खाली गेली की अनेकींच्या संप्रेरकांचे चक्र बिघडू लागते. ३० ही काही दगडावरची रेघ नाही. एखादीला ३२ वरही त्रास होतो, एखादी २८ वरही काही काळ तग धरते. पण २६ वर महिनोन्‌महिने सराव चालला तर शरीर कुठेतरी काटकसर करणार हे नक्की.

घर आधी कुठला खर्च थांबवते?

पगार कमी पडू लागला की घरातला माणूस किराणा आणि वीजबिल थांबवत नाही. आधी सणासुदीची खरेदी आणि घराची रंगरंगोटी पुढे ढकलतो. शरीरही तसेच वागते. हृदय, फुप्फुसे, मेंदू चालू ठेवून ते आधी प्रजननाचा खर्च थांबवते आणि मग डागडुजीचा.

हा निर्णय मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागात होतो. चरबीच्या पेशींतून येणाऱ्या लेप्टिनसारख्या संप्रेरकांवरून त्याला ऊर्जेच्या शिलकीचा अंदाज येतो. शिल्लक घटली की तो पिट्यूटरी ग्रंथीला पाठवायचे संदेश विरळ करतो. मग बीजकोशांना चालना मिळत नाही, इस्ट्रोजेन कमी पडते, पाळी लांबते आणि अखेर थांबते. इस्ट्रोजेनचे दुसरे काम हाडांची झीज आवरण्याचे. ते कमी झाले की हाडांच्या ठेवीत भर पडण्याऐवजी तिच्यातूनच खर्च होऊ लागतो. धावून धावून पायाच्या हाडांवर पडणारा ताण अशा वेळी भरून निघत नाही. नडगीत किंवा पावलात केसाएवढा बारीक तडा जातो, त्याला ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणतात.

या त्रयीची, म्हणजे अपुरे खाणे, बिघडलेली पाळी आणि कमकुवत हाडे यांची, एकत्रित ओळख क्रीडावैद्यकाला १९९० च्या दशकात पटली. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी तिला अधिक व्यापक नाव दिले. संक्षेपात ते ‘रेड-एस’ असे ओळखले जाते. खेळातल्या खर्चाच्या मानाने ऊर्जा कमी पडणे, हा त्याचा अर्थ. २०२३ मध्ये समितीने या विषयावरची मांडणी पुन्हा अद्ययावत केली. तीनुसार याचा परिणाम पाळी आणि हाडांपुरता थांबत नाही. प्रतिकारशक्ती, पचन, झोप, मनःस्थिती, दुखापतीतून सावरण्याचा वेग आणि मैदानावरची कामगिरी या सर्वांवर तो होतो. मुलग्यांनाही हा त्रास होतो. फक्त त्यांच्याकडे पाळीसारखी महिन्याच्या महिन्याला वाजणारी घंटा नाही.

म्हणूनच ‘पाळी बंद झाली, बरेच झाले, स्पर्धेत कटकट नको’ हे मैदानावर सर्रास ऐकू येणारे वाक्य धोक्याचे आहे. जोरात सराव करणाऱ्या मुलीची पाळी जाणारच, असाही एक समज आहे. तो खरा नाही. पोटभर आणि योग्य खाणाऱ्या कित्येक आंतरराष्ट्रीय खेळाडूंची पाळी पूर्ण सराव चालू असतानाही नियमित असते. पाळी थांबवतो तो सराव नव्हे; सराव आणि ताट यांच्यातली तफावत.

दुसरी गफलत वजनाची. वजन उतरले नाही म्हणजे खाणे पुरेसे आहे, असे पालकांना वाटते. पण ऊर्जा कमी पडली की शरीर आपला एकूण खर्चच घटवते, त्यामुळे काटा महिनोन्‌महिने जागचा हलत नाही. मुलगी बारीक दिसत नाही, तरीही ती तुटीत असू शकते.

रक्तातली दुसरी तूट

भारतातल्या मुलींच्या बाबतीत याला लोहाच्या कमतरतेची जोड मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. म्हणजे मैदानावर उतरणाऱ्या अकरा जणींतल्या सहा-सात जणी सुरुवातच तुटीने करत असण्याची शक्यता आहे.

ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन लोहाशिवाय बनत नाही. खेळाडूचे लोह पाळीतून जाते, थोडे घामावाटे जाते, आणि धावताना तळपायावर बसणाऱ्या आघातांनी काही लाल पेशी फुटतात त्यातूनही जाते. शिवाय जोरदार व्यायामानंतर यकृतातून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि ते आतड्यातून लोह शोषून घेण्यावर बंधन आणते. ही वाढ व्यायामानंतर तीन ते सहा तासांच्या दरम्यान सर्वाधिक असते. म्हणून लोहयुक्त खाणे सकाळी किंवा सराव संपल्यावर लगेच घेतलेले अधिक फायद्याचे ठरते. डबा दुपारी दोनला उघडला तर तो काळ नेमका बंधनाचा असतो.

हिमोग्लोबिन १२ च्या वर आले की अहवाल ‘नॉर्मल’ म्हणून बाजूला ठेवला जातो. पण शरीरातला लोहाचा साठा त्याआधीच रिकामा होऊ लागलेला असतो. तो फेरिटिन या चाचणीत कळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे फेरिटिन १५ च्या खाली असणे म्हणजे लोहाची कमतरता. खेळाडूंचे डॉक्टर ३० च्या खालीच सावध होतात. दम लवकर लागणे, तिसऱ्या-चौथ्या सत्रात पाय जड होणे, अभ्यासात लक्ष न लागणे याला आळस म्हणण्याआधी ही चाचणी करून पाहावी.

शाळांमधून १० ते १९ वयाच्या मुलामुलींना आठवड्याला दिली जाणारी लोह आणि फॉलिक आम्लाची निळी गोळी याचसाठी आहे. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते. पोटात मळमळते म्हणून अनेक मुली ती टाळतात. जेवणानंतर घेतली तर हा त्रास कमी होतो. मात्र रक्तक्षय निघाला तर साप्ताहिक गोळी पुरत नाही. डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा घ्यावी लागते.

काय करता येईल?

या समस्येवरचा मुख्य उपाय औषधाच्या दुकानात मिळत नाही. तो डब्यात आहे आणि फार महागही नाही. वरच्या हिशेबातल्या मुलीने सरावाआधी एक केळे आणि सरावानंतर लगेच दुसरे केळे व मूठभर शेंगदाणे खाल्ले, दिवसभरात दोन उकडलेली अंडी आणि एक पेला दूध वाढवले, तर सुमारे ६५० किलोकॅलरी वाढतात. एकूण खाणे २३०० पर्यंत जाते आणि शिल्लक दर किलोमागे २६ वरून ४२ च्या पुढे येते. अंडी न खाणाऱ्या घरात त्याऐवजी मोड आलेल्या मटकीची उसळ, फुटाणे, पनीर किंवा शेंगदाण्याचा लाडू चालेल.

वेळ महत्त्वाची. पहाटे रिकाम्या पोटी निघून दीड तास धावायचे आणि भरपाई रात्रीच्या जेवणात करायची, हे शरीराला मानवत नाही. दिवसाची बेरीज जमली तरी मधले तुटीचे तास संप्रेरकांना जाणवतात. केळे आणि चिक्की लोकलच्या गर्दीत, उभ्या उभ्याही खाता येते.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १६ ते १८ वयाच्या मुलीला रोज ३२ मिलिग्रॅम लोह आणि १०५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. चवळी, मटकी, हरभरा, बाजरी, राजगिरा, अळीव आणि तीळ यांतून लोह मिळते. मांस-मासळीतले लोह अधिक सहज शोषले जाते. कडधान्यावर लिंबू पिळले की त्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह जास्त मिळते, आणि जेवणासोबत चहा घेतला की कमी. म्हणून चहा जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर. गुळाचा खडा चांगला, पण त्याने रक्तक्षय बरा होत नाही. कॅल्शियमसाठी दूध-दही, नाचणीची भाकरी आणि खाणाऱ्यांसाठी काट्यांसकट खाल्ली जाणारी सुकी मासळी हे परवडणारे पर्याय आहेत.

दुसरा उपाय म्हणजे एक साधी वही. प्रत्येक मुलीने पाळी सुरू झाल्याची तारीख तिच्यात लिहावी. २०१९ चा फुटबॉल विश्वचषक जिंकणाऱ्या अमेरिकेच्या महिला संघात खेळाडूंच्या पाळीच्या चक्राची नोंद ठेवून त्याप्रमाणे आहार आणि विश्रांती आखली जात होती. त्याला मोठी यंत्रणा लागत नाही. मात्र ही वही मुलीची असते. ती प्रशिक्षकाने सर्वांसमोर मागायची नाही आणि तिच्यावरून संघातली जागाही ठरवायची नाही. संघासोबत एखादी स्त्री प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक असेल तर बोलणे सोपे होते.

वयाची १५ वर्षे पूर्ण होऊनही पाळी सुरू झाली नसेल, सुरू असलेली पाळी सलग तीन महिने आली नसेल, किंवा नडगी, पाऊल, कंबर येथे एका जागी दुखणे दोन आठवड्यांत कमी होत नसेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. पाळी थांबण्यामागे थायरॉइड, पीसीओएस किंवा गर्भधारणा अशी इतरही कारणे असू शकतात. ती तपासून वगळल्यावरच ‘खाणे कमी पडते’ हे निदान करता येते. डॉक्टरांना मुलगी किती तास सराव करते आणि दिवसभरात काय खाते हे दोन्ही सांगावे; नुसते ‘पाळी येत नाही’ म्हटले तर निम्मी माहिती राहून जाते.

इथे गोळ्यांबाबत एक सावधानता. गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यावर दर महिन्याला रक्तस्राव होतो. तो गोळी थांबवल्यामुळे येतो. शरीराचे चक्र सुधारल्याची ती खूण नसते. तूट तशीच राहते आणि घंटा मात्र बंद पडते. स्पर्धेसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्याही दुकानातून स्वतःच्या मनाने आणू नयेत. वेळेवर लक्षात आले तर खाणे वाढवून आणि सराव काही काळ कमी करून पाळी बहुधा काही महिन्यांत परत येते. पण वाढीच्या वयात हुकलेली हाडांची ठेव नंतर पूर्णपणे भरून निघेलच असे नाही. घाई करायची ती यासाठी.

राहिला प्रश्न पैशांचा. राणीच्या घरी दूध परवडत नव्हते आणि आजही खेळणाऱ्या अनेक मुलींच्या घरी ते परवडत नाही. जिथे प्रशिक्षण केंद्र, शाळा किंवा क्लब मुलींना काठी आणि पोशाख देतो, तिथे सरावानंतर प्रत्येकीच्या हातावर दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे ठेवण्याचा खर्च त्या मानाने किरकोळ आहे. सर्वांनी एकत्र बसून खाल्ले तर कोणाच्या घरी काय आहे आणि काय नाही, हे कोणाला विचारावे लागत नाही आणि कोणाला लपवावेही लागत नाही.

मोन्शनग्लाडबाखचे पदक किंवा पॉचेफस्ट्रूमचे चौथे स्थान यांच्या वाट्याला जाणाऱ्या मुली मोजक्याच. भाईंदरहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या बहुतेक जणी भारताच्या संघात पोहोचणार नाहीत. पण पन्नाशी-साठीत त्या ज्या हाडांवर उभ्या राहतील, ती याच वर्षांत घडत आहेत. विश्वचषकाचे वय संपल्यावरही ती हाडे त्यांना वापरायची आहेत. आज त्यांच्या डब्यात एक केळे जास्त ठेवायचे ते त्यासाठी.